समुद्र नसलेल्या गावातून: ग्दान्स्कमधली दोन वर्षं

चिमणीखालची

आमच्या घरी नळाला पाणी यायच्या दिवशी कुणी परगावी जात नाही. लग्न असो, बारसं असो, चार-पाच दिवसांनी येणारं पाणी आधी. पिंप, घागरी, कळश्या, आंघोळीचा टब, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा. अशा घरातली मुलगी शिकायला गेली ती थेट बंदराच्या गावी. पोलंडमधलं ग्दान्स्क. बाल्टिक समुद्राच्या काठावर, विस्वा नदी जिथे समुद्राला मिळते तिथे.

मागे या मंचावर कुणीतरी विचारलं होतं, पोलंडला शिकून आलेलं आपल्या सोलापूरचं कुणी आहे का. तेव्हा लिहीन म्हणाले आणि राहून गेलं. २०२१ ते २०२३ मी तिथे होते. विषय पाण्याशी संबंधित अभियांत्रिकी. (हो, सोलापूरची आहे म्हणूनच. मुलाखतीत हेच सांगितलं होतं.)

पोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ट्राम पकडून ब्झेझ्नोच्या किनाऱ्यावर गेले. तोपर्यंत समुद्र पाहिला होता तो एकदाच, सहलीत, गिरगाव चौपाटीवर. आमच्या गाडीतून साडेचारशे किलोमीटर बसून आल्यावर पंधरा मिनिटं. इथे मात्र समुद्र ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून चालत दहा मिनिटांवर. चपला काढल्या, पाण्यात पाय घातला आणि किंचाळून बाहेर आले, इतकं गार. मग कुणी बघत नाही असं बघून बोट बुडवून चाटलं. खारटच नाही! म्हणजे आहे, पण आपल्या बोअरच्या पाण्याला जरा मीठ जास्त झाल्यासारखं. मला वाटलं जीभ गारठली. पुढे वर्गात कळलं की खुल्या महासागरात लिटरला पस्तीसेक ग्रॅम मीठ असतं आणि ग्दान्स्कच्या आखातात जेमतेम सात. बाल्टिकला नद्या भरभरून मिळतात आणि बाहेरच्या समुद्राशी त्याचा संबंध डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या वाटांनी, त्याही उथळ. त्यामुळे मीठ आत येतच नाही फारसं. भरती-ओहोटीही नावालाच. किनाऱ्यावर तासभर बसलं तरी पाणी होतं तिथेच.

परतताना ट्राममध्ये तपासनीस चढला. मी तिकीट काढलं होतं, छान घडी घालून पाकिटात ठेवलं होतं. तिथे नुसतं काढून भागत नाही, आत चढल्यावर यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे विनातिकीट. मी आपली तिकीट हलवून हलवून दाखवतेय, तो मान हलवून नाही म्हणतोय. दंड भरला. आईला ही गोष्ट गेल्या वर्षी सांगितली.

हिवाळ्याचं विचारू नका. डिसेंबरात दुपारी साडेतीनला सूर्य मावळतो. मी आईला फोन लावायचे तेव्हा इकडे रात्रीचे आठ, तिकडे साडेतीन, आणि दोन्हीकडे दिवे लागलेले. ती म्हणायची, आता वेळ तरी सारखी झाली.

लांबत चाललंय. वाचायला कुणी असेल तर पुढे लिहिते.

गड्ड्यावरचा

वाचायला कुणी असेल तर म्हणे! लिहा की ओ. लई दिवसांनी इथे राजकारण सोडून काहीतरी आलंय.

एक शंका. "चिमणीखालची" म्हणजे कुठल्या चिमणीखालची? साखर कारखान्याची म्हणत असाल तर ती पाडली २०२३ मध्ये. तुम्ही परत आलात आणि चिमणी गेली.

शंकेखोर

छान सुरुवात. नावाप्रमाणे माझ्या शंका: (अ) मीठ कमी म्हणजे समुद्र लवकर गोठत असेल ना? (आ) ग्दान्स्क म्हणजेच जुनं डान्झिग का? शाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात ते नाव होतं.

चिमणीखालची

@गड्ड्यावरचा, मिलची चिमणी हो. आजोबा कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मिल माझ्या जन्माआधीच बंद पडली, चिमणी तेवढी उरलेली. आमच्या गच्चीवरून दिसायची.

@शंकेखोर, दोन्हींचं हो. उत्तरेकडे स्वीडन-फिनलंडच्या बाजूला दर हिवाळ्यात गोठतो. ग्दान्स्कला मी असताना फक्त काठाला बर्फाची साय धरायची, त्यावर हंस बसलेले असायचे. आणि हो, तेच डान्झिग. पहिल्या महायुद्धानंतर ते धड जर्मनीचं नाही, धड पोलंडचं नाही, असं "मुक्त शहर" करून ठेवलं होतं. भाऊबंदकीत मधल्या भिंतीला जे होतं तेच पुढे झालं.

लेकीचीआई

माझ्या मुलीला तिकडचाच प्रवेश मिळतोय. आम्ही अक्कलकोट रोडला राहतो, घरात परदेशात गेलेलं कुणी नाही. राहण्याचं, खाण्याचं, मुलीच्या सुरक्षेचं कृपया सविस्तर सांगाल का? आम्ही शाकाहारी आहोत.

चिमणीखालची

काकू, सविस्तर तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून लिहिते, कागदपत्रांची यादी पण देते. इथे थोडक्यात.

वसतिगृहात खोली मिळाली नाही, म्हणून मी व्झेश्च नावाच्या भागात एका आजींकडे राहिले. भाडं महिन्याला नऊशे झ्वॉती, तेव्हाचे सतरा हजाराच्या आसपास. आता वाढलं असणार. आजीला पोलिशमध्ये "बाब्चा" म्हणतात आणि वडिलांना, ऐका, "ताता". विस्तवाला "ओग्येन", धुराला "दिम". अग्नी आणि धूम. पहिल्या महिन्यात हे कळलं आणि भाषेची अर्धी भीती गेली. उरलेली अर्धी अजून आहे, कारण एकेका शब्दात सलग चार व्यंजनं.

खायला "बार म्लेच्नी" शोधायचं. शब्दशः दूधघर, पण आहे आपल्या झुणका-भाकर केंद्रासारखं: साधं जेवण, सरकारी अनुदानावर, स्वस्त. तिथे "प्येरोगी रुस्क्ये" मागायचं. उकडलेल्या करंज्या, आत बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी. मुलीला सांगा, वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात ते "नको" म्हणायला शिकायचं हे पहिलं वाक्य. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. कडक भाकरी परदेशी शिक्षणासाठीच निघाली असावी, तीन महिने काही होत नाही. चटणी बाब्चाने पहिल्यांदा चमच्याने खाल्ली, नुसती. पाणी प्यायली, डोळे पुसले आणि परत चमचा घातला.

सुरक्षा: रात्री अकराला ग्रंथालयातून एकटी चालत यायचे. मला भीती वाटली ती बर्फावर घसरण्याचीच.

फिरायला सव्वीस वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना आगगाडीत ५१ टक्के सवलत. पन्नास नाही, एक्कावन्न. तो एक टक्का कशाचा, हे दोन वर्षांत कुणी सांगू शकलं नाही.

गड्ड्यावरचा

आणि जत्रा? बंदराचं गाव आहे, जत्रा असणारच.

चिमणीखालची

असणारच कसली, आहेच! जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत तीन आठवडे, संत दोमिनिकची जत्रा. १२६० पासूनची. मध्ये महायुद्धापासून १९७२ पर्यंत बंद होती म्हणा. पूर्वी या दिवसांत जहाजांनी बंदर भरून जायचं, कापड, मसाले, मीठ, सगळं. आता जुन्या नाण्यांपासून लोणच्याच्या पिंपापर्यंत काहीही मिळतं. मी आपली सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज शोधतेय. नंदीध्वज नव्हते, पण धक्काबुक्की, हरवलेली पोरं आणि "एकावर एक फुकट" होतं. पाळणाही होता, मोठा, दिवे लावलेला. त्यात बसले आणि वरून बंदराच्या क्रेन दिसल्या, रांगेने उभ्या, मान वर केलेल्या उंटांसारख्या.

मुख्य रस्त्याला म्हणतात "लांब बाजार". तिथे एक तापमापक उभा केलाय, कारण फॅरनहाइट साहेब इथले, जन्म १६८६. त्याच्यासमोर उभी राहून मी पोलिश मैत्रिणीला सांगितलं, आमच्याकडे मे महिन्यात पारा ११२ फॅरनहाइटला जातो. तिने मोबाईलवर हिशेब केला, चव्वेचाळीस सेल्सिअस पाहिले आणि विचारलं, "मग तुम्ही कुठे जाता?" कुठे जाणार? पार्क चौपाटीवर, रात्री, पावचटणी खायला.

बाळीवेस_१३

फिरस्ती जास्त सांगा ताई. बघायला काय काय?

चिमणीखालची

सगळं सांगत बसले तर माहितीपत्रक होईल. मला आवडलेलं तेवढं सांगते.

मोत्वावा नदीच्या काठावर "झुराव" आहे. लाकडी क्रेन, १४४४ च्या सुमाराची. झुराव म्हणजे क्रौंच पक्षी. वाफ नाही, वीज नाही, तर ओझं उचलायचं कशानं? आत लाकडाची प्रचंड चाकं आणि त्या चाकांत माणसं चालायची. उंदराच्या पिंजऱ्यातल्या चाकासारखी. अशानं चार टन माल अकरा मीटर उंच जायचा, जहाजाच्या डोलकाठ्या त्यानेच उभ्या व्हायच्या. मी होते तेव्हा त्याची दुरुस्ती चालली होती, आत जाता आलं नाही. दोन वर्षं रोज बाहेरून बघितलं. आपल्याकडे पाहुण्यांना भुईकोट किल्ला दाखवायला न्यावं आणि दार बंद असावं, तसं.

तिथली सगळी जुनी घरं, रंगीत, निमुळती, कमानींची, बघून मी वेडी झाले होते. चारशे वर्षांची वाटतात. मैत्रीण म्हणाली, यातली बहुतेक माझ्या बाबांपेक्षा थोडीच मोठी आहेत. १९४५ मध्ये जुनं गाव जवळजवळ पूर्ण जमीनदोस्त झालं. जुनी चित्रं, फोटो आणि नकाशे बघून दर्शनी भिंती पुन्हा उभ्या केल्या, मागची घरं मात्र साधी, कामगारांना राहायला. कुणाला हे खोटं वाटेल. मला नाही वाटलं. दारातली रांगोळी पुसली तर परत काढतातच की.

मारियात्स्का गल्लीत अंबरची दुकानं. अंबर म्हणजे चार कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा चीक, दगड झालेला. वादळ झालं की दुसऱ्या दिवशी लोक गमबूट घालून किनाऱ्यावर वेचायला जातात. मीही गेले. तीन तासांत सात पिवळे खडे. बाब्चाने ग्लासात पाणी घेतलं, त्यात मीठ विरघळेना इतकं मीठ घातलं आणि खडे सोडले. खरा अंबर तरंगतो. सहा बुडाले. सातवा शेंगदाण्याएवढा, तो वर आला. तो माझ्याकडे आहे.

आणि हेल! हेल नावाची समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ आहे, पस्तीस किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी इतकी अरुंद की आगगाडीत बसून दोन्ही खिडक्यांतून पाणी दिसतं. टोकाला सीलसाठी केंद्र आहे, त्यांना मासे खाऊ घालताना बघता येतं. तिकडे जाणाऱ्या एका बसचा नंबर होता ६६६, तो तिकडच्या धार्मिक लोकांना खुपायचा, २०२३ मध्ये बदलून ६६९ केला. मी गेले रविवारी, परतीची गाडी डोळ्यांदेखत गेली आणि पुढची दोन तासांनी. पाऊस, वारा, बंद दुकानं. मराठीत हेलपाटा हा शब्द कुठून आला ते त्या फलाटावर मला पुरतं समजलं.

पंचगंगाकाठ

धाग्यात घुसतोय, कोल्हापूरकर आहे. पोलंडचं नाव निघालं आणि वळिवडे आलं नाही असं कसं? महायुद्धात रशियाने सैबेरियाला हाकललेली पोलिश माणसं, बहुतेक बायका नि पोरं, इराणमार्गे इकडे आली. १९४३ ते ४८ वळिवड्याला सुमारे पाच हजार जणांची वसाहत होती. शाळा, चर्च, नाटकं, सगळं. माझी आजी गांधीनगरजवळ भाजी विकायची. "दोब्रे, दोब्रे" एवढं पोलिश तिला मरेपर्यंत येत होतं. म्हणजे चांगलं, चांगलं.

तिकडे कुणाला माहीत आहे का हे?

चिमणीखालची

माहीत आहे हो. पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या महाराजांची गोष्ट जास्त माहीत आहे, वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे. पण कोल्हापूरसुद्धा. मी "महाराष्ट्र" म्हटलं की कोऱ्या चेहऱ्याने बघायचे, "कोल्हापूर" म्हटलं की एखादा म्हातारा माणूस मान डोलवायचा. सोलापूर? सोलापूर कुणालाच नाही. मी सांगायचे, कोल्हापूरच्या बाजूला. माफ करा सोलापूरकरांनो.

गड्ड्यावरचा

माफ नाही. पुढे.

चिमणीखालची

खरं तर हे एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, आणि इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले.

पहिल्या हिवाळ्यात एकदा बाब्चाने विचारलं, तुझे आजोबा काय करायचे. माझं पोलिश तेव्हा बाळबोध, म्हणून मोबाईलमध्ये लिहिलं, "मिलमध्ये काम करायचे." मोबाईलने भाषांतर केलं. तिचा चेहरा उजळला. रविवारी कोट घाल म्हणाली, तुला काही दाखवायचंय. जुन्या गावात नेलं, कालव्याकाठी. उंच उतरतं छप्पर, विटांची अवाढव्य इमारत. "ही बघ, तुझ्या आजोबांची मिल!"

ती पिठाची गिरणी होती. "व्येल्की म्विन", थोरली गिरणी. चौदाव्या शतकातली, पाण्याच्या अठरा चाकांवर चालणारी. आता आत अंबरचं संग्रहालय आहे, २०२१ मध्येच तिथे हलवलेलं. दोन महिने ती समजत होती की माझे आजोबा पीठ दळायचे, आणि मी भाकरी भाजायचे तेव्हा कौतुकाने बघायची. मी दोन्ही हातांनी धोटा इकडून तिकडे फेकून दाखवला, तोंडाने खटखट आवाज काढला. मग तिला कळलं. "त्काल्निया! कापड!" आणि मग म्हणाली, वूच. वूच हे तिकडचं गिरणगाव. तिथल्याही गिरण्या नव्वदच्या दशकात बंद पडल्या. तिची बहीण तिथे होती, सूतखात्यात.

बाब्चाचा नवरा ग्दान्स्कच्या गोदीत वेल्डर. ऑगस्ट १९८० मध्ये तिथे संप झाला तो तुम्ही ऐकला असेल. एका बाईला, क्रेन चालवणाऱ्या आन्ना वालेंतिनोविचला, निवृत्तीला पाच महिने उरले असताना कामावरून काढलं, त्यावरून चौदा ऑगस्टला काम थांबलं. लेख वावेंसा हा इलेक्ट्रिशियन पुढारी झाला. अठरा दिवस माणसं आतच. बाब्चा रोज फाटकापाशी पाव आणि सुपाचा डबा घेऊन जायची, गजांतून आत द्यायची. एकतीस तारखेला करार झाला, नवरा घरी आला. मी विचारलं, आल्यावर काय म्हणाला? ती म्हणाली, "काही नाही. बोकडासारखा वास येत होता. आधी आंघोळीला पाठवला."

ते दोन नंबरचं फाटक अजून आहे. प्लायवूडच्या फळ्यांवर हातांनी लिहिलेल्या एकवीस मागण्या शेजारच्या संग्रहालयात ठेवल्या आहेत, युनेस्कोने जपून ठेवण्याच्या यादीत घेतलेल्या. मी शब्द जुळवत वाचल्या. पहिली, स्वतंत्र संघटनेचा हक्क. सगळे तीच सांगतात. मी खालच्या बघत होते. पाळणाघरात पुरेशा जागा. बाळंतपणाची तीन वर्षं पगारी रजा. शेवटची, शनिवारी सुट्टी. आमच्या आजीने हे वाचलं असतं तर फळीला हळदकुंकू लावलं असतं. तिचे दोन्ही मुलगे साचेखात्याच्या भिंतीला झोळी टांगून वाढले.

पण याच्या पुढचं बाब्चा कधी आपणहून सांगत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली. त्या संपातून उभी राहिलेली संघटना जिंकली, राज्य बदललं, वावेंसा राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९९६ मध्ये गोदीचं दिवाळं निघालं. नवऱ्याचं काम गेलं. मग तिने मला विचारलं, "तुझ्या आजोबांना काय मिळालं?" मी सांगितलं, काही थकबाकी मिळाली, काही नाही. शेवटची तारीख पडली तेव्हा आजोबा नव्हते. ती म्हणाली, "हं." आणि चहा ओतला.

दुसऱ्या वर्षी एक सप्टेंबरला तिने मला पहाटे तीनला उठवलं. वेस्टरप्लाटेला गेलो. बंदराच्या तोंडावरची ती जागा, जिथे १९३९ मध्ये महायुद्धाची सुरुवात झाली. सदिच्छा भेटीला म्हणून आलेल्या जर्मन युद्धनौकेने पावणेपाचला तोफा डागल्या, आतल्या दोनेकशे पोलिश सैनिकांनी सात दिवस तग धरला. दरवर्षी बरोबर चार पंचेचाळीसला तिथे सायरन वाजतो. अंधार, समुद्रावरून वारा, हातात मेणबत्त्या घेतलेली माणसं आणि तो आवाज. खालून चढत जाणारा, वर गेल्यावर तिथेच टांगून राहणारा.

परतताना बसमध्ये बाब्चाने विचारलं, "तुझ्या आजोबांच्या मिलचा असाच वाजायचा?"

मला सांगता आलं नाही. घरात सगळ्या गोष्टी भोंग्यावर मोजलेल्या मी ऐकल्यात. बाबांचा जन्म दुसऱ्या पाळीच्या भोंग्यानंतरचा. आत्याचं स्थळ आलं ते भोंग्याच्या आधी. पण भोंगा मी कधी ऐकलेला नाही.

निवृत्तवाहक

मुली, मी एस.टी.त वाहक होतो, सोलापूर आगार, तेहतीस वर्षं. तुझ्या संपाच्या गोष्टीत एक राहिलं, ते मी वाचलेलं आहे. त्या संपात एक ट्राम चालवणारी बाई होती, हेन्रिका क्शिवोनोस. तिने भर रस्त्यात, ऑपेरागृहासमोर ट्राम उभी केली आणि सांगितलं की गाडी पुढे जाणार नाही. त्या दिवशी गावातल्या ट्राम थांबल्या. आम्ही संपात गाड्या आगारातच ठेवायचो. भर रस्त्यात उभी करायला छाती लागते. उतारूंच्या शिव्या कोण खाणार?

तिकिटावर शिक्का मारला नाहीस, तर दंड बरोबरच होता.

शंकेखोर

लेखन उत्तम, पण एक मुद्दा मांडतो, राग मानू नका. गोदी आणि मिल यांची सांगड जरा ओढूनताणून वाटते. तिकडे हुकूमशाही राजवटीविरुद्धचा लढा होता. आपल्या मिल यंत्रमागाच्या स्पर्धेने, जुन्या यंत्रांनी आणि मालकांनी पैसा दुसरीकडे वळवल्याने गेल्या. तुलनाच करायची तर सोलापूरकरांनी १९३० आठवावं. मे महिन्यात चार दिवस गावात इंग्रजांचं राज्य नव्हतं, मग मार्शल लॉ लागला आणि जानेवारी १९३१ मध्ये चौघांना फाशी. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. सत्तेविरुद्ध उभं राहणं म्हणाल तर ते.

चिमणीखालची

राग नाही. तुम्ही म्हणता ते इतिहास म्हणून बरोबरच आहे, आणि चार हुतात्म्यांचं मी बाब्चाला सांगितलंही होतं. चार नावं, चार वेगवेगळ्या समाजांची, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

पण मी राजवटींची तुलना करत नव्हते. बंद पडलेल्या गोदीच्या शेडमध्ये आता तिथे चहा-कॉफीची दुकानं, भिंतींवर चित्रं, संध्याकाळी गाणी. पोरं सेल्फी काढतात. तिथून बाब्चा चालत जाते तेव्हा ती मध्येच थांबते आणि म्हणते, "इथे त्यांचं खातं." तिथे काही नसतं. मी लहानपणी आजोबांचं बोट धरून मिलच्या भिंतीकडेने जायचे, तेव्हा ते असंच थांबायचे. एवढंच सारखं आहे. त्याला सांगड म्हणा, नका म्हणू.

शंकेखोर

समजलं. मुद्दा मागे घेत नाही, पण समजलं.

लेकीचीआई

मी हे सगळं मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने विचारलंय, बाब्चांकडची खोली आत्ता रिकामी आहे का?

चिमणीखालची

विचारते काकू, रविवारी फोन असतो आमचा. तिला गुडघ्याचा त्रास आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. चटणी पाठवणार असाल तर नक्की हो म्हणेल.

आणि सगळ्यांना एक विचारायचंय, त्यासाठीच धागा वर आणतेय. दर फोनवर ती भोंग्याचं काढते. कुणाकडे आपल्या एखाद्या मिलच्या भोंग्याचं ध्वनिमुद्रण आहे का? जुनी कॅसेट, कुठल्या कार्यक्रमात मागे ऐकू आलेला, काहीही चालेल. कुठल्याही मिलचा.

बाळीवेस_१३

चार-पाच जुन्या जाणत्यांना विचारलं. रोज वाजणाऱ्या गोष्टीचं कोण रेकॉर्डिंग करतंय म्हणाले.

गड्ड्यावरचा

रेकॉर्डिंग नाही. पण आमचे वडील मिलमध्ये बदली कामगार होते, आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते तोंडाने भोंगा काढतात. पहिल्या पाळीचा वेगळा, रात्रीचा वेगळा. नातवंडं हसतात, ते काढतातच. आत्ता विचारलं, तर म्हणाले दात नाहीत म्हणून शेवट नीट येत नाही. पाठवू का?

चिमणीखालची

पाठवा. दोन्ही पाळ्यांचे पाठवा.